वाक्ये जोडताना काय घडते?

रसायनशास्त्रात पृथक्करण आणि संश्लेषण हे दोन शब्द नेहमी जोडीने येतात. पदार्थ कशाकशाचा बनला आहे हे शोधणे म्हणजे पृथक्करण. साध्या घटकांपासून संयुग तयार करणे म्हणजे संश्लेषण. गंमत अशी की हेच दोन शब्द आपल्या व्याकरणाच्या पुस्तकांतही भेटतात. मोठे वाक्य फोडून त्याचे भाग दाखवायचे, ते वाक्यपृथक्करण. दोन-तीन लहान वाक्यांचे एक वाक्य करायचे, ते वाक्यसंश्लेषण. इंग्रजीच्या तासाला हा दुसरा भाग 'डू ॲज डायरेक्टेड' या सदराखाली येतो, एक-दोन गुणांचा असतो आणि मुले तो ठरावीक साच्यांनी सोडवतात. पण हा प्रश्न एक-दोन गुणांचा नाही, असे आम्हाला वाटते. विज्ञानाकडे वळू पाहणाऱ्या मुलाची पुढची वाट यावर बरीच अवलंबून असते.

रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात कितीतरी मुले दहावीपर्यंत मराठी माध्यमातून शिकतात. २००० सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी हा विषय सुरू झाला. पुढे अनेक शाळांत सेमी-इंग्रजीचे वर्गही निघाले. तरीसुद्धा अकरावी विज्ञानाचे इंग्रजी पुस्तक हाती पडले की काही चांगली मुले अडखळतात. आमच्याकडे प्रकल्पासाठी येणाऱ्या विद्यार्थ्यांचे लेखन वाचताना, त्यांच्याबरोबर पुस्तकाचे एखादे पान वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवते. अडचण शब्दांची फारशी नसते. शब्द कोशात सापडतात. अडचण असते ती वाक्यातला कोणता भाग कोणत्या भागाला जोडला आहे हे ओळखण्याची.

एक उदाहरण घेऊ. (या लेखात इंग्रजी वाक्ये नागरीत दिली आहेत. फळ्यावर ती अर्थातच रोमन लिपीत लिहावीत.) 'द लिक्विड दॅट कलेक्ट्स इन द फ्लास्क बॉइल्स ॲट सेव्हन्टी-एट डिग्रीज.' चंबूत जमा होणारा द्रव ७८ अंशांना उकळतो, एवढाच अर्थ. पण 'फ्लास्क बॉइल्स' हे दोन शब्द शेजारी दिसतात आणि मुलगा चंबूच उकळवून मोकळा होतो. उत्कलनांक म्हणजे काय, हे त्याला ठाऊक असते. 'लिक्विड' या शब्दाचे क्रियापद सहा शब्द पुढे आहे आणि मधल्या जागेत एक दुसरे वाक्य बसवले आहे, हे मात्र त्याला दिसत नाही. असे वाक्य ज्याने स्वतः कधी जुळवले आहे, त्याला ते उलगडणे जड जात नाही. जोडणे आणि उलगडणे ही एकाच कौशल्याची दोन टोके आहेत.

मिश्रण की संयुग?

लोखंडाचा कीस आणि गंधक यांचा प्रयोग प्रत्येक विज्ञानशिक्षकाने केलेला असतो. दोन्ही नुसते एकत्र केले तर मिश्रण होते. चुंबक फिरवला की लोखंड बाजूला निघते. तेच तापवले की आयर्न सल्फाइड हे संयुग तयार होते. त्याचे गुणधर्म लोखंडाचेही नसतात आणि गंधकाचेही नसतात.

वाक्यांचेही असेच आहे. 'पाऊस लांबला. मोहोर उशिरा आला.' ही दोन वाक्ये 'अँड'ने जोडली की मिश्रण होते. दोन्ही वाक्ये पूर्वी होती तशीच राहतात आणि हवी तेव्हा सुटी करता येतात. आता 'अँड'च्या जागी दुसरे शब्द घालून पाहा. 'आफ्टर' घातला तर आपण फक्त कालक्रम सांगतो. 'बिकॉज' घातला तर पाऊस लांबणे हे मोहोर उशिरा येण्याचे कारण आहे, असा दावा करतो. 'अल्दो' घातला तर आपली अपेक्षा वेगळी होती, असे सुचवतो. सुट्या वाक्यांत यांतले काहीच नव्हते. जोडण्याच्या क्रियेत एक नवी माहिती तयार झाली, आणि तिची जबाबदारी लिहिणाऱ्यावर आली. 'बिकॉज' लिहिणाऱ्याला 'कशावरून?' असे विचारता येते. 'अँड' लिहिणाऱ्याला विचारता येत नाही. प्रयोगाची नोंद लिहिताना 'आधी हे झाले, मग ते झाले' आणि 'यामुळे ते झाले' यांत गल्लत करायची नसते, ही शिकवण आपण विज्ञानाच्या तासाला देतो. ती देण्याची तितकीच चांगली जागा इंग्रजीच्या तासाला आहे.

इथे एक सावधगिरीची सूचना. मराठी व्याकरणात 'आणि', 'पण', 'किंवा' यांनी जोडलेल्या वाक्याला संयुक्त वाक्य म्हणतात आणि एक प्रधान व बाकीची गौण अशी रचना असलेल्याला मिश्र वाक्य म्हणतात. म्हणजे रसायनशास्त्रातल्या नावांच्या नेमके उलट! विद्यार्थ्यांच्या हे लक्षात आणून दिले तर ती हसतील आणि दोन्ही नावे कायमची लक्षात ठेवतील.

मराठीचा आधार

इंग्रजी शिकवताना मराठी बाजूला ठेवावी, असे पुष्कळदा सांगितले जाते. वाक्यांच्या जोडणीपुरते तरी आमचे मत वेगळे आहे. मुलाच्या डोक्यात मराठीची जोडणी पक्की बसलेली असते. ती त्याने कुणाकडून शिकलेली नसते आणि त्याचे नियमही त्याला सांगता येत नाहीत. इंग्रजी लिहिताना तो नकळत तीच वापरतो. म्हणून आधी मराठीचा नियम उजेडात आणावा आणि मग इंग्रजीचा नियम त्याच्या शेजारी ठेवावा. दोन मोजपट्ट्या शेजारी ठेवल्या की फरक डोळ्यांनाच दिसतो.

या कामासाठी लागणारी सामग्री आपल्याकडे पूर्वीपासून आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण १८३६ सालचे. त्यानंतर पाऊण शतकाने, १९११ साली, मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' प्रसिद्ध झाले. दामले हे केशवसुतांचे धाकटे बंधू. केशवसुतांचे गाव म्हणून रत्नागिरीजवळचे मालगुंड सर्वांना माहीत आहे. पण त्याच घरातून मराठी वाक्याची इतकी बारकाईने तपासणी करणारा ग्रंथही आला, हे शाळेत क्वचितच सांगितले जाते. आधीच्या व्याकरणकारांची मते घ्यायची, उदाहरणांवर पारखायची आणि मग स्वीकारायची किंवा नाकारायची, ही त्या ग्रंथाची पद्धत विज्ञानाच्या विद्यार्थ्याला ओळखीची वाटावी अशी आहे.

आता मराठी आणि इंग्रजी यांच्या जोडणीतले तीन ठळक फरक पाहू.

पहिला फरक: क्रिया कोणाची?

मराठीत क्रियापदाला 'ऊन' लावला की दोन वाक्ये सहज जोडली जातात. 'रमेशने काम संपवले. रमेश घरी गेला.' याचे 'काम संपवून रमेश घरी गेला.' इंग्रजीत 'हॅविंग फिनिश्ड हिज वर्क, रमेश वेन्ट होम.' इथवर दोन्ही भाषा बरोबरीने चालतात. म्हणून मुलाची समजूत होते की 'ऊन' म्हणजे 'हॅविंग'.

पण वर्तमानपत्रातले हे वाक्य पाहा: 'भिंत पडून तीन मजूर जखमी झाले.' पडली भिंत, जखमी झाले मजूर. कर्ते दोन आहेत, तरी मराठी वाक्य निर्दोष आहे. मुलगा त्याचे इंग्रजी करतो: 'हॅविंग फॉलन द वॉल, थ्री वर्कर्स वेअर इंजर्ड.' इंग्रजी वाचणारा 'कोण पडले?' याचे उत्तर मुख्य वाक्याच्या कर्त्यात शोधतो आणि त्याला मजूर सापडतात. भिंत अधांतरीच राहते. 'थ्री वर्कर्स वेअर इंजर्ड व्हेन अ वॉल फेल' असे लिहिले की प्रत्येक क्रियेला आपला कर्ता मिळतो.

मग मराठीत 'ऊन' कुठेही चालतो का? हे वाक्य मोठ्याने वाचा: 'शिक्षक वर्गात येऊन मुले उभी राहिली.' कानाला खटकते. इथे 'शिक्षक वर्गात आल्यावर' असेच हवे. पण 'पाऊस पडून नदीला पूर आला' मात्र खटकत नाही. फरक कशाचा? भिंत पडणे, पाऊस पडणे, पूर येणे, जखमी होणे या आपोआप घडणाऱ्या गोष्टी आहेत. वर्गात येणे आणि उभे राहणे या कुणीतरी हेतूने केलेल्या. आपोआप घडणाऱ्या गोष्टी एकीतून दुसरी निघत असेल तर मराठी 'ऊन' दोन कर्ते खपवून घेतो. हेतूने केलेल्या क्रियांना मात्र एकच कर्ता मागतो. हा ढोबळ नियम झाला. पण तो आपण सांगू नये. 'ऊन' असलेली दहा-बारा वाक्ये मुलांना वर्तमानपत्रातून जमवायला सांगावीत, त्यांचे दोन गट करायला सांगावेत आणि नियम त्यांनाच मांडू द्यावा. निरीक्षण, वर्गीकरण, नियम आणि नियमाला अपवाद शोधणे ही सारी वैज्ञानिक रीत एका तासात, कोणत्याही उपकरणाशिवाय करून होते.

'ताना'ची गोष्ट अशीच आहे. 'शाळेत जाताना साप दिसला' हे वाक्य कोकणातला कोणताही मुलगा लिहील. त्याचे शब्दशः इंग्रजी 'गोइंग टू स्कूल, अ स्नेक वॉज सीन' असे केले तर शाळेत निघाला तो साप! मराठीत असा घोटाळा होत नाही, कारण वाक्यात 'मला' हा शब्द दडलेला आहे. मला दिसते, मला भूक लागते, मला आठवते, अशा वाक्यांत अनुभव ज्याचा असतो त्याला 'ला' लागतो, आणि मराठी वाचक 'जाताना'चा कर्ता त्यालाच मानतो. इंग्रजी इतकी मोकळीक देत नाही. तिथे 'आय सॉ अ स्नेक' असे म्हणून पाहणाऱ्याला कर्त्याच्या जागी आणावे लागते.

प्रयोगाच्या वहीत ही चूक वेगळ्या रूपात दिसते. 'आफ्टर बीइंग हीटेड फॉर टेन मिनिट्स, द टीचर ॲडेड वॉटर.' दहा मिनिटे तापले चंचुपात्र. वाक्यात मात्र तापले शिक्षक. संशोधनपत्रिकांतही 'सूक्ष्मदर्शक वापरून पेशी मोजल्या' याचे इंग्रजी करताना सूक्ष्मदर्शक पेशींच्याच हाती दिलेला आढळतो. मोजणारा कोण हे वाचकाला कळत असते म्हणून तिथे निभावते. नवशिक्याने मात्र एक सवय लावून घ्यावी. 'इंग'ने सुरुवात केली की स्वल्पविरामानंतरच्या कर्त्याकडे बोट दाखवून विचारावे, ही क्रिया याचीच ना?

दुसरा फरक: एक दुवा की दोन?

'जरी पाऊस पडत होता, तरी आम्ही गेलो.' 'जेव्हा घंटा झाली, तेव्हा मुले बाहेर आली.' 'जर तापमान वाढले, तर वायू प्रसरण पावतो.' मराठीला दोन्ही वाक्यांवर एकेक खूण करायला आवडते. दाराच्या बिजागरीची एक पट्टी दारावर आणि दुसरी चौकटीवर असते, तसे हे आहे. संस्कृतातल्या 'यदा–तदा', 'यत्र–तत्र' या जोड्यांचा हा वारसा. त्यामुळे मुलगा इंग्रजीतही दोन खुणा करतो: 'दो इट वॉज रेनिंग, बट वी वेन्ट.' किंवा 'बिकॉज ही वॉज इल, सो ही डिड नॉट कम.' प्रत्येक शब्द त्याने अर्थ समजून वापरलेला असतो, म्हणून आपले कुठे चुकले हे त्याला कळत नाही.

इंग्रजीत गौण वाक्याला एक दुवा लावला की काम झाले. 'दो' असेल तर 'बट' नको आणि 'बट' असेल तर 'दो' नको. 'इफ'च्या पुढे 'देन' आलेला चालतो, पण तोही सक्तीचा नाही. ज्या थोड्या ठिकाणी इंग्रजीला खरोखर जोडी लागते, ती ठिकाणे मोजकी आहेत: 'आयदर–ऑर', 'नायदर–नॉर', 'नॉट ओन्ली–बट आल्सो', 'नो सूनर–दॅन', 'सो–दॅट'. परीक्षेत नेमक्या याच जोड्या विचारल्या जातात आणि त्यामुळे इंग्रजीत सर्वत्र जोडी लागते, हा मुलांचा ग्रह आणखी पक्का होतो. वर्गाच्या भिंतीवर दोन रकाने करून एकात मराठी जोड्या आणि दुसऱ्यात त्यांना पुरणारा एकच इंग्रजी दुवा लिहून ठेवला, तर वर्षभर उपयोगी पडतो.

तिसरा फरक: आधी की नंतर?

'काल आलेला मुलगा माझा भाऊ आहे' किंवा 'जो मुलगा काल आला, तो माझा भाऊ आहे.' दोन्ही रचनांत मराठी वाचकाला आधी सगळी माहिती मिळते आणि मुख्य विधान शेवटी येते. इंग्रजीत 'द बॉय हू केम यस्टर्डे इज माय ब्रदर.' नाम आधी, त्याचे लांबलचक विशेषण त्याच्या मागून आणि मुख्य क्रियापद त्याच्याही पुढे. लहान विशेषण मात्र इंग्रजीतही नामाच्या आधीच येते: 'अ टॉल बॉय'. विशेषण लांबले आणि वाक्याएवढे झाले की ते नामाच्या पलीकडे जाते.

चंबू उकळवणाऱ्या मुलाची अडचण हीच होती. यावर एक साधा उपाय आहे. वाक्यात 'हू', 'विच', 'दॅट' दिसला की तिथे पेन्सिलीने कंस उघडावा आणि ते आतले वाक्य संपेल तिथे बंद करावा. कंसातला मजकूर झाकला की 'द लिक्विड बॉइल्स' उरते. बीजगणितात आपण कंस वेगळा सोडवतो, तसाच हाही सोडवायचा.

स्वल्पविरामानेही अर्थ बदलतो. 'द ट्रीज विच वेअर स्प्रेड बोअर फ्रूट' म्हणजे बागेतल्या ज्या झाडांवर फवारणी केली, त्यांना फळ धरले; बाकीच्यांचे काही सांगितलेले नाही. तेच 'विच वेअर स्प्रेड' दोन स्वल्पविरामांत टाकले तर अर्थ होतो: सगळी झाडे फवारलेली होती आणि सगळ्यांना फळ धरले. पहिल्या वाक्यातल्या प्रयोगात तुलनेसाठी न फवारलेली झाडे असू शकतात. दुसऱ्यात ती नाहीतच. प्रयोगाची मांडणीच दोन स्वल्पविरामांनी बदलली!

मुख्य वाक्य कोणते?

जोडणी बिनचूक झाली तरी एक निवड उरते. कोणते वाक्य मुख्य ठेवायचे आणि कोणते गौण करायचे? रत्नागिरीच्या मुलांना थिबा राजवाडा माहीत असतो. थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. इंग्रजांनी १८८५ साली त्याला पदच्युत केले, १८८६ साली रत्नागिरीत आणून ठेवले आणि १९१६ साली तो इथेच वारला. यांतली दोन विधाने दोन प्रकारे जोडता येतात. 'थिबॉ, द लास्ट किंग ऑफ बर्मा, डाइड इन रत्नागिरी.' आणि 'थिबॉ, हू डाइड इन रत्नागिरी, वॉज द लास्ट किंग ऑफ बर्मा.'

माहिती एकच, व्याकरण दोन्हींचे शुद्ध. पण पहिल्या वाक्यानंतर वाचक त्याच्या अखेरच्या दिवसांविषयी किंवा रत्नागिरीतल्या त्याच्या समाधीविषयी ऐकायला तयार होतो. दुसऱ्यानंतर ब्रह्मदेशाच्या राजघराण्याविषयी. बरोबर कोणते, हे त्या वाक्यावरून ठरत नाही; पुढे काय सांगायचे आहे त्यावरून ठरते. म्हणून सुट्या वाक्यांच्या उत्तरपत्रिकेत जोडणीचे निम्मेच शिक्षण होते. उरलेले निम्मे परिच्छेद लिहिताना होते.

मोजून पाहिलेल्या गोष्टी

वाक्ये जोडण्याच्या सरावाचा खरोखर उपयोग होतो का, हा प्रश्न अमेरिकेत बराच तपासला गेला आहे. केलॉग हंट यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ॲल्युमिनियमविषयी अगदी लहान लहान वाक्यांचा एक उतारा तयार केला आणि तो अधिक चांगल्या रीतीने पुन्हा लिहा, असे चौथीपासून बारावीपर्यंतच्या निवडक इयत्तांतील मुलांना आणि काही प्रौढांना सांगितले. माहिती सर्वांना सारखीच दिलेली. फरक फक्त जोडणीचा. चौथीच्या मुलांनी बहुतेक वाक्ये तशीच ठेवली किंवा 'अँड'ने जोडली. इयत्ता वाढत गेली तशी एका वाक्यात सामावलेल्या मूळ वाक्यांची संख्या वाढत गेली, आणि सराईत लेखकांत ती सर्वांत जास्त निघाली. त्यांनी ही वाक्ये जोडण्यापेक्षा आटवली होती. एका संपूर्ण वाक्याचे कधी विशेषण केले, तर कधी नुसता एक शब्द.

जॉन मेलन यांनी १९६९ साली आणि फ्रँक ओ'हेअर यांनी १९७३ साली असा सराव सातवीच्या मुलांकडून करून घेतला. ओ'हेअर यांनी व्याकरणाच्या संज्ञा पूर्णपणे वगळल्या, नुसती जोडणी करून घेतली, आणि तरीही मुलांच्या लेखनात स्पष्ट वाढ दिसली. २००७ साली स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी लेखन शिकवण्याच्या अनेक पद्धतींवरचे प्रयोग एकत्र तपासले. वाक्यजोडणीचा परिणाम ०.५० प्रमाण-विचलन इतका निघाला. म्हणजे शंभर मुलांच्या क्रमवारीत मधोमध असलेले मूल सुमारे एकोणिसाव्या-विसाव्या जागा वर सरकेल, एवढा. उलट, व्याख्या आणि पदपरिचय यांवर भर देणाऱ्या व्याकरणशिक्षणाचा लेखनावरचा परिणाम वजा ०.३२ आला.

या आकड्यांवर लगेच झडप घालू नये. हे प्रयोग इंग्रजी बोलणाऱ्या समाजातल्या शाळांत झालेले आहेत. मराठी मुलाला आधी 'ऊन' आणि 'हॅविंग' यांतला भेद दाखवावा लागतो. नुसत्या सरावाने तो सापडेलच असे नाही. म्हणून इथे सराव हवा आणि थोडे तुलनात्मक व्याकरणही हवे. प्रत्येक शिक्षक आपल्या वर्गात हे पडताळून पाहू शकतो. जून महिन्यात मुलांकडून एक उतारा लिहून घ्यावा, मार्चमध्ये तोच पुन्हा लिहून घ्यावा आणि दोन्ही कागद शेजारी ठेवावेत.

वर्गात करून पाहण्यासाठी

हंट यांच्यासारखा उतारा आपल्या परिसरावर तयार करता येतो. जांभा दगड घेऊ. इंग्रजीत त्याला लॅटेराइट म्हणतात. फ्रान्सिस बुकॅनन यांनी १८०७ साली ते नाव रूढ केले. विटेला लॅटिनमध्ये जो शब्द आहे, त्यावरून ते आले. फळ्यावर ही वाक्ये लिहा: 'लॅटेराइट इज अ रॉक. इट इज रेड. इट इज फुल ऑफ स्मॉल होल्स. पीपल कट इट इन्टू ब्लॉक्स. इट इज सॉफ्ट देन. इट हार्डन्स इन द एअर. पीपल बिल्ड हाउसेस विथ द ब्लॉक्स.' एकही माहिती न गाळता जास्तीत जास्त तीन वाक्यांत लिहा, एवढीच सूचना द्या.

एक गट लिहील: 'लॅटेराइट, अ रेड रॉक फुल ऑफ स्मॉल होल्स, इज सॉफ्ट व्हेन इट इज कट बट हार्डन्स इन द एअर.' दुसरा लिहील: 'बिकॉज लॅटेराइट इज सॉफ्ट व्हेन इट इज कट, पीपल कॅन शेप इट इन्टू ब्लॉक्स.' आता विचारा: हा 'बिकॉज' कुठून आला? मूळ वाक्यांत तर नव्हता. मग तो खरा आहे का? चिरेखाणीवर काम करणाऱ्यांना विचारून या. भाषेचा तास असा गावापर्यंत पोचतो. एकच बरोबर उत्तर असते, असे मात्र मानू नये. चार उत्तरे फळ्यावर लिहून प्रत्येकाला तीनच प्रश्न विचारावेत: मुख्य वाक्य कोणते? प्रत्येक क्रियेचा कर्ता कोण? मूळ वाक्यांत नसलेले काय नव्याने आले?

दुसरा सराव उलटा आहे. विज्ञानाच्या पुस्तकातले एक लांब इंग्रजी वाक्य घ्यावे, त्याची लहान लहान वाक्ये करावीत आणि पुस्तक मिटवून ठेवावे. दोन दिवसांनी त्या लहान वाक्यांवरून पुन्हा एक वाक्य तयार करावे आणि मूळ वाक्याशी ताडून पाहावे. अकरावीची तयारी म्हणून नववी-दहावीला आठवड्यातून एक वाक्य पुरे.

जोडू नये तेव्हा न जोडणे, हेही शिकवायला हवे. 'आम्ल हळूहळू पाण्यात घाला. पाणी आम्लात घालू नका.' ही वाक्ये सुटीच बरी. जिथे एकेक पायरी क्रमाने करायची असते, जिथे चुकले तर इजा होईल, तिथे लहान वाक्यच योग्य. लांब वाक्य म्हणजे चांगले इंग्रजी, अशी समजूत आमच्या क्षेत्रातही आहे आणि तिने पुष्कळ संशोधनपर लेख दुर्बोध केले आहेत.

परीक्षेतला 'रिमूव्ह टू' किंवा 'यूज नो सूनर–दॅन' हा प्रश्न राहणारच. साचा पाठ असला की तो अर्थ न कळताही सुटतो, आणि मुलांना ते गुण मिळायलाच हवेत. शिक्षकाने फक्त त्यापुढे आणखी एक प्रश्न जोडावा: आधीच्या वाक्यात होते तेवढेच या वाक्यात आहे का? या प्रश्नाला गुण नसतात. पण पुढच्या वर्षी इंग्रजी पुस्तकाच्या पानावर मुलाला चंबूऐवजी द्रव उकळताना दिसेल तो यामुळेच.